मनाचे आरोग्य आणि दिवसाचे तास

बंगळुरू शहरात होसूर रस्त्यालगत राष्ट्रीय मानसिक आरोग्य आणि मज्जाविज्ञान संस्था उभी आहे. तिला सारे शहर ‘निम्हान्स’ या आद्याक्षरी नावानेच ओळखते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सुरू झालेल्या वेड्यांच्या इस्पितळापर्यंत तिची परंपरा मागे जाते. या इस्पितळाला १९२५ साली मनोरुग्णालय असे नाव मिळाले. १९५४ साली त्याच आवारात अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था स्थापन झाली, १९७४ साली दोहोंचे एकत्रीकरण झाले आणि २०१२ च्या कायद्याने संस्थेला राष्ट्रीय महत्त्वाचा दर्जा प्राप्त झाला. अशी संस्था ज्या शहरात आहे तेथील नागरिकांना मानसिक आरोग्य हा केवळ तज्ज्ञांचा आणि इस्पितळाचा विषय वाटल्यास नवल नाही. तथापि या संस्थेच्या कार्यातील सर्वांत दूरगामी भाग आवाराच्या भिंतींबाहेर, सामान्य माणसांच्या हातून पार पडला. तो कसा घडला, त्यातून दैनंदिन जीवनासाठी काय निष्पन्न होते आणि त्याची किंमत नेमकी कोण मोजतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. शेवटचा प्रश्न अर्थशास्त्राचा आहे आणि मानसिक आरोग्यावरील लेखनात तो बहुधा वगळला जातो.

गरज आणि उपलब्धता

निम्हान्सच्या नेतृत्वाखाली २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण झाले. बारा राज्यांत सुमारे ३९ हजार व्यक्तींच्या मुलाखती घेण्यात आल्या. (या बारा राज्यांत कर्नाटक नव्हते आणि महाराष्ट्रही नव्हता, ही बाब आपल्या वाचकांनी ध्यानात ठेवलेली बरी.) प्रौढ लोकसंख्येपैकी १०.६ टक्के व्यक्तींना सर्वेक्षणाच्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले. ग्रामीण भागात हे प्रमाण ९.६ टक्के, तर महानगरांत १४.७ टक्के होते. उपचारांची गरज असूनही ते न मिळणाऱ्यांचे प्रमाण विकारागणिक ७० ते ९२ टक्क्यांच्या दरम्यान होते.

दुसरीकडे, देशात दर लाख लोकसंख्येमागे एक मानसोपचारतज्ज्ञही उपलब्ध नाही आणि जे आहेत ते प्रामुख्याने शहरांत आहेत. एक तज्ज्ञ घडवण्यास आठ-नऊ वर्षे लागतात. वैद्यकीय महाविद्यालयांतील जागा दुप्पट केल्या तरी ही तूट एका पिढीत भरून निघणार नाही. म्हणूनच, तज्ज्ञ नसलेल्या माणसाला यातले काय आणि किती करता येईल, हा प्रश्न आपल्या देशात पर्याय म्हणून नव्हे तर अपरिहार्यता म्हणून पुढे आला.

सकलवारा ते बळ्ळारी

या प्रश्नाचे आरंभीचे उत्तर कुटुंबाने दिले. १९५० च्या दशकात अमृतसर येथील मनोरुग्णालयात डॉ. विद्या सागर यांनी रुग्णांच्या नातलगांना आवारात तंबूंमध्ये राहू देण्यास सुरुवात केली. नातलग रुग्णाची शुश्रूषा करीत, आजार समजून घेत आणि घरी परतल्यावर तीच काळजी पुढे चालू ठेवीत. पाश्चात्त्य देशांत त्या काळी नातलगांना दूर ठेवण्याकडे कल होता. आपल्याकडे परिचारिकांची टंचाई होती आणि त्या टंचाईतूनच एक चांगली पद्धत जन्मास आली. निम्हान्सनेही पुढे कुटुंबासह राहता येईल असे कक्ष सुरू केले.

१९७५ साली संस्थेत सामुदायिक मानसोपचाराचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. बन्नेरघट्टा रस्त्याच्या बाजूस असलेल्या सकलवारा या गावी त्याचे ग्रामीण केंद्र उभे राहिले. प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टर आणि घरोघरी फिरणारे आरोग्य कर्मचारी यांना थोड्या आठवड्यांच्या प्रशिक्षणाने गंभीर मनोविकार व अपस्मार ओळखता येतील का, आणि मोजक्या औषधांवर उपचार चालवता येतील का, हे तेथे तपासले गेले. असाच प्रयत्न त्या सुमारास चंदीगडच्या पदव्युत्तर संस्थेने हरियाणातील रायपूर राणी येथे केला. या दोन्ही अनुभवांच्या आधारावर १९८२ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम स्वीकारण्यात आला. पुढे १९८५ ते १९९० या काळात कर्नाटकातील बळ्ळारी जिल्ह्यात हे प्रारूप संपूर्ण जिल्ह्याच्या पातळीवर राबवले गेले आणि त्यावरूनच १९९६ साली जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची आखणी झाली.

बळ्ळारीचा धडा साधा आहे. गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळू लागल्या की रुग्णाचा बसप्रवास वाचतो, सोबत येणाऱ्या नातलगाची मजुरी बुडत नाही आणि उपचार मध्येच सुटण्याचे प्रमाण घटते. छिन्नमनस्कतेसारख्या दीर्घ आजारात उपचारांचे सातत्यच निर्णायक असते. मात्र या प्रारूपाचा भर गंभीर आजारांवर होता. नैराश्य आणि चिंता यांनी त्रस्त असलेला फार मोठा समूह त्याच्या कक्षेत पुरेसा आला नाही. या समूहाला गोळ्यांपेक्षा, किंवा गोळ्यांच्या जोडीने, आणखी कशाची तरी गरज होती.

गोवा आणि विदर्भातील पुरावा

ती गरज कशी भागवता येईल, याचा सर्वांत भक्कम पुरावा आपल्या शेजारच्या गोव्यातून आला. तेथे १९९६ साली स्थापन झालेल्या ‘संगत’ या संस्थेने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याने त्रस्त ४९५ प्रौढांचा अभ्यास केला. तो २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. निम्म्या रुग्णांना आरोग्य केंद्रातील नेहमीचे, थोडे सुधारित उपचार मिळाले. उरलेल्यांना त्याशिवाय सहा ते आठ भेटींचे समुपदेशन देण्यात आले. समुपदेशन करणाऱ्यांकडे मानसशास्त्राची पदवी नव्हती. ती स्थानिक भाषा बोलणारी, प्रशिक्षण घेतलेली सामान्य माणसे होती. तीन महिन्यांनंतर समुपदेशन मिळालेल्या गटातील ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले, तर दुसऱ्या गटात हे प्रमाण ३९ टक्के होते.

या भेटींत नेमके काय घडत होते, हे समजून घेणे उपयुक्त आहे. कारण त्यातील बराच भाग कोणालाही घरी आचरता येण्याजोगा आहे. नैराश्याचे एक चक्र असते. मन खिन्न झाले की माणूस कामे टाळू लागतो. आधी शेजाऱ्याकडे जाणे थांबते, मग बाजार, मग स्नान-जेवणाची वेळ. कामे टाळली की त्यांतून मिळणारे छोटे समाधान आणि चार शब्द बोलण्याची संधीही जाते. परिणामी मन आणखी खिन्न होते. ‘मन ताळ्यावर आले की उठेन’ अशी रुग्णाची समजूत असते. समुपदेशक ही साखळी दुसऱ्या टोकाने सोडवतो. आधी उठायचे, मन मागाहून येते. गेल्या आठवड्यात दिवसभर काय केले, कोणत्या वेळी त्यातल्या त्यात बरे वाटले, याची नोंद केली जाते. मग पूर्वी आवडत असलेली किंवा अडून राहिलेली एखादी कृती निवडली जाते आणि ती इतकी लहान केली जाते की टाळणे अवघड व्हावे. ‘रोज तासभर चालणे’ असा संकल्प नव्हे, तर ‘उद्या सकाळी दूध आणायला स्वतः जाणे’ इतकेच. ते जमले की पुढचे. कर्ज, घरातील भांडण अशी खरी अडचण असेल तर तिचे तुकडे करून आज कोणता तुकडा हाती घेता येईल हे ठरवले जाते.

यात उपदेश नाही, हे लक्षात घ्यावे. ‘सकारात्मक विचार करा’, ‘मन खंबीर ठेवा’ ही आपल्याकडील ठरलेली वाक्ये खचलेल्या माणसाच्या माथी अपयशाचे आणखी एक ओझे ठेवतात. सल्ला न देता ऐकून घेणे ही कला सोपी दिसते, पण ती शिकावी लागते. संगतच्या समुपदेशकांना एकमेकांच्या भेटींचे ध्वनिमुद्रण ऐकून गुण द्यावे लागत, इतका काटेकोरपणा त्यामागे होता.

आणखी एक मुद्दा भाषेचा. ग्रामीण महाराष्ट्रात ‘मला नैराश्य आले आहे’ असे कोणी म्हणत नाही. ‘टेन्शन आहे’, ‘जीव लागत नाही’, ‘झोप उडाली’, ‘छातीत धडधडतं’ असे म्हणतात आणि बहुतेकदा डोकेदुखी, अशक्तपणा किंवा पाठदुखी यांची तक्रार घेऊन डॉक्टरकडे जातात. ज्याला ही भाषा कळते त्याला अर्धे निदान कळते. या बाबतीत गावातील कार्यकर्ती महानगरातील तज्ज्ञापेक्षा एक पाऊल पुढेच असते.

विदर्भातील ‘विश्राम’ या प्रकल्पाने हेच दाखवून दिले. शेतकरी आत्महत्यांच्या छायेतील ३० गावांत स्थानिक कार्यकर्त्यांनी लोकांशी मनाच्या त्रासाविषयी बोलण्यास सुरुवात केली. प्रथमोपचार म्हणून आधार देणे आणि गरज पडल्यास समुपदेशक वा डॉक्टरकडे पाठवणे अशी साखळी उभारली. नैराश्याने त्रस्त व्यक्तींपैकी मदतीसाठी कोणाकडे तरी गेलेल्यांचे प्रमाण त्यापूर्वी ४.३ टक्के होते. ते २७.२ टक्क्यांवर पोहोचले. अजूनही चारपैकी जवळजवळ तीन जण बाहेरच राहिले, हेही त्याच आकड्यात दडलेले आहे.

बंगळुरूतही सामान्य माणसाला समुपदेशनाचे शिक्षण देण्याचे काम दीर्घकाळ चालू आहे. निम्हान्समध्ये अध्यापन केलेले डॉ. सी. आर. चंद्रशेखर यांनी मनोविकारांवर सोप्या कन्नडमध्ये विपुल लेखन केले, स्वयंसेवकांना समुपदेशनाचे प्रशिक्षण दिले आणि निवृत्तीनंतर ‘समाधान’ हे विनामूल्य समुपदेशन केंद्र चालवले. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्रीने गौरवण्यात आले.

वेळेची किंमत

आता अर्थशास्त्राकडे वळू. नियमित झोप, चालणे, उन्हात थोडा वेळ, मित्राशी बोलणे, मद्य व तंबाखूपासून दूर राहणे, मोबाइल बाजूला ठेवणे, या उपायांना ‘बिनखर्चाचे’ म्हटले जाते. त्यांना पैसे लागत नाहीत हे खरे आहे, पण वेळ लागतो आणि वेळेचे वाटप उत्पन्नाच्या वाटपाइतकेच विषम आहे.

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळवापर सर्वेक्षणानुसार घरातील बिनमोबदला कामांत सहभागी असलेली स्त्री त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे, तर पुरुष ९७ मिनिटे खर्च करतो. मुले, वृद्ध व आजारी यांच्या देखभालीत स्त्रीची १३४ मिनिटे आणि पुरुषाची ७६ मिनिटे जातात. आता बंगळुरूच्या पीण्या किंवा बोम्मनहळ्ळी भागातील तयार कपड्यांच्या कारखान्यात शिलाईकाम करणाऱ्या स्त्रीचा दिवस मांडून पाहा. कारखान्यातील आठ तास, जेवणाच्या सुट्टीचा अर्धा तास, जाण्यायेण्याचे या शहरातील वाहतुकीत दोन तास. नोकरदार स्त्रीचे घरकाम सरासरीहून कमी धरले तरी चार तास. एकूण साडेचौदा. उरलेल्या साडेनऊ तासांपैकी सात तासांची झोप आणि स्नान-जेवणाचा दीड तास वजा केला तर हाती एक तास राहतो. त्यात मुलांचा अभ्यास, आजारी सासू आणि नळाला पाणी येण्याची वेळ बसवायची आहे. या स्त्रीला ‘रोज सकाळी लालबागेत अर्धा तास फिरा’ असा सल्ला देणे म्हणजे तिची झोप अर्ध्या तासाने कमी करा असे सांगणे होय आणि झोप कमी होणे हेच अनेकदा आजाराचे पहिले कारण असते.

म्हणून माझ्या मते दैनंदिन उपायांची यादी व्यक्तीपासून नव्हे, घरापासून सुरू व्हावी. रात्रीची भांडी आणि सकाळचा डबा घरातील पुरुषाने उचलला तर एका व्यक्तीला रोज पाऊण तास मिळतो. हा मानसिक आरोग्याचा उपाय आहे आणि तो कोणत्याही योगवर्गाइतकाच गंभीरपणे घ्यायला हवा. रात्रपाळी करणाऱ्या माहिती तंत्रज्ञान कर्मचाऱ्याची कथा वेगळी आहे. त्याच्याकडे पैसा आहे, पण झोपेची वेळ दर आठवड्याला बदलते. पाळीचे वेळापत्रक महिनाभर स्थिर ठेवणे कंपनीच्या हातात असते, कर्मचाऱ्याच्या नव्हे. कार्यालयात ध्यानाची खोली उघडणे सोपे, पाळी स्थिर करणे कठीण, त्यामुळे पहिलीच गोष्ट अधिक दिसते.

घरगुती उपाय कोठे थांबतात

दैनंदिन उपाय हे उपचारांची जागा घेऊ शकत नाहीत. दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास असेल, कशातच रस वाटत नसेल, झोप व भूक बिघडली असेल आणि कामावर परिणाम होत असेल तर डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. कोणाला नसलेले आवाज ऐकू येत असतील, निराधार संशय येत असेल किंवा आपण मोठे झालो आहोत या भावनेत रात्रंदिवस झोपेविना धावपळ चालू असेल, तर चालणे-फिरणे सुचवण्यात वेळ दवडू नये. चालू असलेली औषधे बरे वाटू लागताच स्वतःहून बंद करू नयेत. उपचार फसण्याचे हे फार मोठे कारण आहे. रुग्णाचे लग्न लावून दिल्याने आजार बरा होत नाही. त्यात दुसरे एक आयुष्य गुंतते.

जगण्यात अर्थ नाही असे कोणी बोलले तर विषय बदलू नये. ‘जीव द्यावा असे मनात येते का?’ असे सरळ विचारल्याने तो विचार डोक्यात भरवला जातो, ही समजूत चुकीची आहे. उलट विचारल्याने माणसाला मोकळे होता येते. अशा वेळी त्याला एकटे ठेवू नये. घरातील कीटकनाशके आणि साठवलेल्या गोळ्या त्याच्या हाती लागणार नाहीत अशा ठेवाव्यात. आत्महत्येची ऊर्मी अनेकदा थोड्या वेळापुरती असते आणि तेवढ्या वेळात विष हाती न लागणे जीव वाचवते. श्रीलंकेने अत्यंत विषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातल्यावर तेथील आत्महत्यांचे प्रमाण लक्षणीय घटले.

१० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या ‘टेली मानस’ या राष्ट्रीय सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. ती विनामूल्य असून मराठीसह अनेक भाषांत चोवीस तास उपलब्ध आहे. या सेवेचे मध्यवर्ती केंद्रही निम्हान्सच आहे. कामानिमित्त बंगळुरूत राहणाऱ्या मराठी तरुणाला आपल्या भाषेत बोलता येणे ही मोठी सोय आहे, कारण हिशेब परक्या भाषेत करता येतो, दुःख सांगणे मात्र फार अवघड असते.

कायद्याची बाजूही आता स्पष्ट आहे. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून अमलात आला. शासकीय किंवा शासन-अनुदानित सेवेतून मानसिक आरोग्यसेवा मिळणे हा त्याने प्रत्येकाचा हक्क ठरवला. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली आहे असे गृहीत धरून तिला काळजी व पुनर्वसन पुरवणे हे शासनाचे कर्तव्य झाले आणि विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारांच्या बरोबरीने संरक्षण द्यावे असे बंधन आले. या तरतुदींची माहिती असलेला विमाधारक अजूनही क्वचितच भेटतो.

खर्चाचा भार

बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या काळात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमासाठी एका जिल्ह्यास वर्षाला कमाल ८३.२ लाख रुपये अशी तरतूद निश्चित झाली. वीस लाख लोकवस्तीचा जिल्हा धरल्यास ही रक्कम माणशी वर्षाला चार रुपयांच्या आसपास येते. आता दुसरा आकडा पाहा. राष्ट्रीय सर्वेक्षणात आजारी व्यक्तीच्या कुटुंबाचा औषधोपचार व त्यासाठीचा प्रवास यांवरील खर्च महिन्याला सुमारे एक ते दीड हजार रुपये आढळला. यात सोबत जाणाऱ्याची बुडालेली मजुरी पूर्णांशाने आलेली नाही आणि घरी राहून रुग्णाला सांभाळणाऱ्या आईच्या किंवा पत्नीच्या तासांची किंमत तर कोठेच आलेली नाही. ती राष्ट्रीय उत्पन्नात दिसत नाही आणि अंदाजपत्रकातही दिसत नाही. सामुदायिक सेवा स्वस्त आहे असे आपण म्हणतो तेव्हा ती बऱ्याच अंशी या न मोजलेल्या तासांमुळे स्वस्त असते.

हा खर्च परतावा देणारा आहे, याविषयी फारसा वाद उरलेला नाही. छत्तीस देशांच्या आकडेवारीवर आधारित, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार नैराश्य व चिंताविकारांच्या उपचारांवरील प्रत्येक डॉलरमागे आरोग्य व उत्पादकता यांच्या रूपाने सुमारे चार डॉलर परत मिळतात. मात्र परतावा ज्याला मिळतो तो आणि खर्च जो करतो तो एकच नसतो. लाभ विखुरलेला असतो आणि भार एका घरावर, बहुधा त्या घरातील एका स्त्रीवर पडतो.

आयुष्मान भारत योजनेखाली आशा कार्यकर्ती तीस वर्षांवरील व्यक्तींची जी प्रपत्रे भरतात त्यांत मनाविषयीचे दोन प्रश्न आहेत. गेल्या दोन आठवड्यांत कामात रस वाटेनासा झाला का आणि उदास किंवा निराश वाटले का? सकलवाराच्या प्रयोगाचे हे आजचे रूप म्हणता येईल. परंतु आशा कार्यकर्ती ही शासनाच्या दप्तरी स्वयंसेविकाच आहे. तिला वेतन नव्हे, कामागणिक मोबदला मिळतो आणि तिच्या पिशवीत लसीकरणापासून क्षयरोगापर्यंत अनेक प्रपत्रे आधीच आहेत. ‘हो, उदास वाटते’ असे उत्तर आल्यावर पुढचा अर्धा तास ऐकून घेण्याचा मोबदला तिला मिळायला हवा. ती ज्याला पुढे पाठवेल त्याच्यासाठी आरोग्य केंद्रात प्रशिक्षित व्यक्ती आणि वर्षभर न खंडणारा औषधसाठाही हवा. कर्नाटकाने २०१४ पासून ‘मनोचैतन्य’ उपक्रमाखाली मंगळवारी तालुका रुग्णालयांत मानसोपचारतज्ज्ञ उपलब्ध करून देण्याची पद्धत सुरू केली. ठरलेला वार असल्याने गावकऱ्याला मजुरीचा कोणता दिवस सोडायचा हे आधी कळते. महाराष्ट्रातील तालुक्यांतही आठवडी बाजाराच्या दिवशी अशी सेवा ठेवता येईल, कारण त्या दिवशी माणसे तशीही तालुक्याला येतात आणि त्यांचा वेगळा रोज बुडत नाही.